वूव्रेजवळच्या खेड्यातलं छोटं रेस्टॉरंट : कुणी पाच तारे दिलेत, कुणी एक. जायचं का?

गोदाकाठ :
सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही नाशिकचे सहा जण फ्रान्सला, ल्वार नदीच्या खोऱ्यात जातोय. मुक्काम तूर शहरात. एक दुपार वूव्रेजवळच्या एका खेड्यातल्या रेस्टॉरंटसाठी राखून ठेवली आहे. नवरा-बायको दोघंच चालवतात, आठ-दहा टेबलं आहेत. पण रिव्ह्यू वाचून काहीच ठरवता येत नाहीये. एकाला तिथलं जेवण अप्रतिम वाटलंय, तर दुसऱ्याला पावणेदोनला दारातूनच परत पाठवलंय. एकाच्या माशावरच्या सॉसला तेल सुटलं होतं, एकीच्या चीजमधून काडी निघाली, कुणाला वाइन गोड लागली, कुणाचं बिल अर्धा तास आलंच नाही. यातल्या कुठल्या तक्रारी मनावर घ्यायच्या? आमच्यातले दोघं शाकाहारी आहेत, त्यातली एक अंडंही खात नाही. उरलेल्यांपैकी दोघांना बीफ चालत नाही. मंगळवारी दुपारी जायचा विचार आहे.

सातपूर_किचन :
आधी मंगळवार बदला. फ्रान्समधल्या खेड्यांत रविवारची रात्र आणि सोमवार बंद हे बहुतेक ठिकाणी असतंच, त्याला जोडून मंगळवार किंवा बुधवारही बंद ठेवतात. गुरुवार-शुक्रवारची दुपार सगळ्यांत सुरक्षित. आठवड्यातल्या दिवशी दुपारी ठरलेल्या पदार्थांचं स्वस्त जेवण मिळतं, साधारण १६ ते २२ युरोत. शनिवार-रविवार आणि सुटीच्या दिवशी ते नसतं. फळ्यावर खाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं, ते न वाचता रविवारी गेलेले लोक मग ‘आम्हाला लुटलं’ म्हणून एक तारा देतात.

पावणेदोनची तक्रार तर सोडूनच द्या. दुपारचं स्वयंपाकघर बाराला सुरू होतं आणि दीडच्या सुमाराला नवी ऑर्डर घेणं थांबतं. रात्री साडेसात ते नऊ. आपल्याकडे मिसळ संपली की उशिरा आलेला हात हलवत परत जातो, तसंच हे. टेबल सव्वाबाराचं घ्या आणि वेळेवर पोचा.

तेल सुटलेल्या सॉसचं मात्र नीट समजून घ्या, कारण तिथे गिऱ्हाईकही काही करू शकतं. तो बहुधा बर ब्लां असणार, त्या भागात नदीतल्या सांद्र नावाच्या माशावर घालतात. बारीक चिरलेले छोटे कांदे, व्हाइट वाइन आणि व्हिनेगर आटवायचं आणि मंद आचेवर गार लोण्याचे तुकडे एकेक करून फेटत घालायचे. साधारण ६० अंशांच्या वर गेला की तो फाटतो आणि लोणी तेलासारखं वेगळं होतं. गार पडला की गोठतो. आचेवर एकच माणूस असताना सहा जणांनी सहा वेगळे पदार्थ मागवले, त्यात दोघं बाहेर फोटो काढत राहिले, की तो सॉस दहा-पंधरा मिनिटं नुसता ताटकळतो आणि बिघडतो. सहा जणांत मुख्य पदार्थ दोनच प्रकारचे ठेवा आणि सगळे एकदम बसा.

बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत. टेबल तुमचंच असतं, उठवणं त्यांना उद्धटपणा वाटतो. वाढणारी एकटीच असेल तर सरळ काउंटरवर जाऊन पैसे द्या, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. सर्व्हिस चार्ज दरातच धरलेला असतो, वर दहा टक्के ठेवायची गरज नाही. नळाचं पाणी फुकट मिळतं, त्यासाठी ‘युन काराफ दो’ म्हणा. नुसतं ‘वॉटर’ म्हटलंत तर विकतची बाटली येईल. आणि दारातून शिरताना आधी ‘बोंजूर’. हे एवढं चुकलं तरी तिथे वागणूक थंड होते, हे खरंच आहे.

द्राक्षमळा :
वाइन आणि चीजच्या दोन्ही तक्रारी चुकीच्या आहेत.

वूव्रेची वाइन शेनिन ब्लां या द्राक्षाची. आपल्या नाशिकच्या बागांतलीच ओळखीची जात. पण तिथे याच द्राक्षापासून सेक म्हणजे कोरडी, देमी-सेक म्हणजे गोडसर आणि म्वालो म्हणजे चांगलीच गोड, अशा वाइन करतात, शिवाय फेसाळ निराळी. नुसतं ‘एक ग्लास वूव्रे’ सांगितलं तर काय येईल ते त्या दिवशी उघडलेल्या बाटलीवर. माशाबरोबर सेक मागा. देमी-सेक बकरीच्या चीजबरोबर फार छान लागते, ती चुकवू नका.

काडी निघालेलं चीज म्हणजे सँत-मोर द तुरेन. बकरीच्या दुधाचा लांबट ओंडका, बाहेरून कोळशाच्या राखेने करडा झालेला, आत राय धान्याची काडी. मऊ चीज मोडू नये म्हणून ती घालतात आणि अस्सल असेल तर काडीवर नाव-क्रमांक कोरलेला असतो. काडी ओढून काढायची आणि चकत्या करायच्या. ती निघाली म्हणजे खरा माल वाढला होता. एक ताऱ्याच्या त्या रिव्ह्यूने मला तरी तिथे जावंसं वाटलं!

शाकाहाऱ्यांसाठी एक सांगतो : या चीजमध्ये दूध गोठवण्यासाठी वासराच्या पोटातलं रेनेट घातलेलं असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांना आधीच सांगून ठेवा.

आनंदवल्ली :
शाकाहारी असल्याचं तिथे बसल्यावर सांगू नका, तीन-चार दिवस आधी लिहून कळवा. आणि ‘वेजेतारियँ’ या एका शब्दावर विसंबू नका. मासे खाणाऱ्यालाही तिथे कित्येक जण शाकाहारी धरतात आणि बेकनचे बारीक तुकडे, लार्दों, त्यांच्या लेखी मांस नसतातच. गरम बकरी-चीजच्या सॅलडमध्ये ते हमखास असतात, कांद्याच्या सुपात बीफचा स्टॉक असतो, किश लोरेनमध्ये लार्दों आणि अंडं दोन्ही. म्हणून असं कळवा : ‘नी व्यांद, नी प्वासों, नी लार्दों, नी बुयों द व्यांद’ (मांस नको, मासा नको, लार्दों नको, मांसाचा स्टॉक नको). अंडं न खाणाऱ्यांसाठी पुढे ‘नी अ’ जोडा.

युरोपातल्या नियमाप्रमाणे प्रत्येक रेस्टॉरंटला १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. अंडं त्यात आहे, त्यामुळे ती यादी मागून अंड्याचं नक्की करता येतं. मांस त्यात नाही, ते विचारावंच लागतं.

अंडं नको असेल तर गोडात खरी अडचण होते. मूस, क्रेम ब्रूले, व्हॅनिला आइस्क्रीम सगळ्यांत अंडं. पना कोटात जिलेटिन. सॉर्बे किंवा ताजी फळं मागा. मुख्य जेवणाला ग्रातँ दोफिन्वा (बटाटा, दूध, साय, लसूण) चालेल, फक्त वरून अंडं घातलंय का ते विचारा. त्या भागात फूए मिळते, लाकडाच्या भट्टीत फुगवलेली गरम छोटी पोळी, आत लोणी किंवा बकरीचं चीज भरून. पांढऱ्या घेवड्याच्या बियांचं सारण असेल तर डुकराचा तुकडा घालून शिजवलंय का विचारून घ्या. रिय्येत म्हणजे मांसाचं सारण, त्या भागात बहुधा डुकराचं.

बीफ टाळणाऱ्यांनी ‘बफ’ आणि ‘वो’ (वासरू) हे दोन्ही शब्द लक्षात ठेवावेत. ‘आंदुय्येत’ म्हणजे आतड्यांचं सॉसेज, त्याचा वास उग्र असतो. त्या पदार्थावरून दिलेले बरेच एक तारे निव्वळ माहिती नसल्यामुळे असतात.

पंचवटी_पार :
वर सगळ्यांनी रेस्टॉरंटचीच बाजू घेतली आहे, ते मला पटत नाही. काही वाईट रिव्ह्यू खरे असतात. तयार पाकिटं गरम करून वाढणारी ठिकाणं फ्रान्समधल्या खेड्यांतही आहेत. दोघांच्या स्वयंपाकघरात तीस पदार्थांचं मेनूकार्ड असेल तर फ्रीझरशिवाय ते शक्यच नाही. तीन सुरुवातीचे, तीन मुख्य, तीन गोड आणि तेही खडूने लिहिलेले, हे भरवशाचं. २०१४ पासून ‘फे मेजों’ (घरी केलेलं) हे चिन्ह आहे, पातेल्यावर घराचं छप्पर. कच्च्या मालापासून तिथेच शिजवलेल्या पदार्थापुढे ते लावतात. गोठवलेला कच्चा मासा त्यात चालतो, त्यामुळे मासा ताजा असल्याची ती हमी नव्हे.

रिव्ह्यू तारखेप्रमाणे लावा. एका ठरावीक महिन्यानंतर सूर एकदम बदलला असेल तर मालक किंवा आचारी बदललेला असतो, त्याआधीचे तारे बाद धरा. फक्त ऑगस्टमधलेच वाईट असतील तर ती सुट्यांतली गर्दी. ‘मासा आतून गार होता’ हे वेगवेगळ्या महिन्यांत तिघांनी लिहिलं असेल तर मात्र जाऊ नका.

गोदाकाठ :
सगळ्यांचे आभार. तारखेप्रमाणे लावून पाहिले. गेल्या वर्षभरातले चांगले आहेत, वाईटातले बहुतेक ऑगस्टचे. गुरुवार धरतोय. ऑनलाइन बुकिंग नाही, फक्त फोन नंबर आहे. इथून कधी लावावा?

सातपूर_किचन :
सप्टेंबरमध्ये फ्रान्स आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. त्यांच्या बारा ते अडीच या वेळात मुळीच लावू नका, त्या वेळी फोन उचलणारा माणूसच ताटं वाढत असतो. आपल्याकडे दुपारी दीड ते तीन किंवा संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला लावा. नंबराच्या सुरुवातीचं शून्य काढून ३३ जोडा. सहा माणसं, दिवस, सव्वाबारा एवढं सांगा आणि शाकाहाराचा निरोप लिहून पाठवायला ईमेल मागून घ्या. तेव्हाच कार्ड चालतं का तेही विचारा. एखादा माणूस कमी होणार असेल तर आदल्या दिवशी कळवा, दहा टेबलांच्या ठिकाणी सामान मोजूनच आणलेलं असतं.