ठाण्यात सोनेरी यू: लावावा की नाद सोडावा?

घोडबंदरवासी
सोसायटीच्या फाटकाशी दोन्ही बाजूंना सोनेरी यूचे (सुईसारख्या पानांचं, युरोपातलं सदाहरित झाड) सरळसोट खांब असावेत, असं मी बागसमितीत मांडलंय. मोरपंखी आतून वाळली की तिचं उघडं लाकूड पुन्हा पालवत नाही, मग उपटण्याशिवाय इलाज नसतो. यू जुन्या खोडातूनही फुटतो. विरोध असेल तर कारणासकट सांगा.

कळव्याची ताई
माझा ठाम विरोध. हे थंड हवेचं झाड. आपल्याकडे हिवाळ्यातही पारा 15 अंशांखाली क्वचितच जातो. वर पाऊस 2000 मिलिमीटरहून जास्त, आणि यूच्या मुळांना साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही.

घोडबंदरवासी
ताई, जमिनीत नाही, मोठ्या कुंड्यांत लावू. तळाची भोकं मोकळी, मातीत भरपूर जाडी रेती, पावसाळाभर पार्किंगच्या छपराखाली. उन्हाळ्यात फक्त सकाळचं ऊन.

नेरूळकर
सावलीत त्याचा सोनेरी रंग हिरवटतो, आणि एप्रिल-मेच्या उन्हात पाला करपेल. रंगासाठीच आणायचं तर मग मिळवलं काय? वाढही फार सावकाश, युरोपातसुद्धा दीड मीटरला दहा वर्षं तरी धरा. आणि कृपा करून बिया मागवू नका. खांबासारखा वाढणारा यू म्हणजे आयरिश यू, आणि तो उत्तर आयर्लंडमधल्या फ्लॉरेन्स कोर्ट या इस्टेटीतल्या झाडाच्या फांद्या लावून पसरला; बियांतून त्या आकाराची खात्री नाही.

वाशीची आई
विषाचं कोणीच बोलत नाही! बीभोवतीचा लाल गर सोडला तर पानं, साल, बी, सगळं विषारी. त्यातलं टॅक्सिन हे विष थेट हृदयावर घाव घालतं, वाळलेल्या पानांतही ते राहतं. छाटणीचा पाला बाहेर टाकला आणि गाईनं खाल्ला तर?

घोडबंदरवासी
कण्हेरही विषारीच आहे. हायवेच्या दुभाजकावर रांगेनं लावलीय, आपल्या कुंपणालाही आहे.

वाशीची आई
कण्हेरीला हात लावू नको, हे घरात आजीच सांगते. यू आमच्या मुलांना कोण ओळखायला शिकवणार? लाल गर तर मुलांना बोलावणाराच.

कळव्याची ताई
अगदी बरोबर. फाटकाशी सोनेरी बॉटलब्रश लावा. रोपवाटिकांत सहज मिळतो, आपल्या उन्हातच पिवळाधमक होतो, छाटून उभा ठेवता येतो.

घोडबंदरवासी
बॉटलब्रशला तो गर्द, भरीव खांब येत नाही. मी निदान एक यू गच्चीवर, कुलुपाआड लावणार. मुलांपासून लांब.

नेरूळकर
गच्चीचा स्लॅब मे महिन्यात केवढा तापतो! त्यापेक्षा पूर्वेकडची बाल्कनी बघा. आणि ओल्या मातीची एवढी कुंडी दर जूनमध्ये हलवणार कोण, हे समितीत आधी ठरवा.