रत्नागिरीतलं घर: करार संपला, भाडेकरू हलत नाहीत. ताबा कसा घ्यावा?

खाडीकाठ:
घर नगरपरिषदेच्या हद्दीत. वडिलांनंतर घरपट्टी आम्हा तिघा भावंडांच्या नावे आहे. 11 महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार होता, मी सही केलेला, तो 31 मार्चला संपला. भाडेकरू ‘बघू, पावसानंतर’ म्हणतात, पण भाडं दर महिन्याला खात्यात न चुकता टाकतात. दिवाणी कोर्टात जावं की सक्षम प्राधिकाऱ्याकडे (भाडे नियंत्रण कायद्याखाली नेमलेला अधिकारी)? भाऊ मुंबईला, बहीण पुण्याला. सगळ्यांना यावं लागेल का? एक नातेवाईक म्हणतात, पंपाची वायर काढा, आठवड्यात जातील.

बावनदी:
वायरीला हात लावू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 29 प्रमाणे घरमालकाला पाणी-वीज तोडता येत नाही. कुलूप बदललंत तर त्याहून वाईट: विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली ते सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतात, आणि तिथे तुमची मालकी विचारातच घेतली जात नाही.

तुमचा रस्ता भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 24. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे. करार लेखी असेल तर त्यात लिहिलेली गोष्ट हाच निर्णायक पुरावा धरतात, त्यामुळे ‘तोंडी मुदत वाढवून दिली होती’ हे म्हणणं सहसा टिकत नाही. समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत भाडेकरूने प्रतिज्ञापत्र देऊन लढण्याची परवानगी मागायची असते. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर ताब्याचा आदेश होतो. आदेशावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण (वरच्या पातळीवर आदेशाची फेरतपासणी).

सगळ्यात जास्त वेळ खातं ते समन्स. ‘घर बंद’, ‘स्वीकारण्यास नकार’ असे शेरे मारून पाकिटं परत येतात. पत्ता करारात आहे अगदी तसाच द्या, घर क्रमांक आणि वाडीसकट, आणि करारावर ज्यांच्या ज्यांच्या सह्या आहेत त्या सगळ्यांना प्रतिवादी करा.

कोळथरे_दापोली:
सहमालकांबद्दल: एकटा सहमालकही ताब्यासाठी अर्ज करू शकतो, बाकीच्यांचा विरोध नसला म्हणजे झालं. तरी भाऊ-बहिणीचं संमतीपत्र जोडाच. आपल्याकडे वडिलार्जित घरात वाद उकरायला भाडेकरूला भावकीतलं एक माणूस पुरतं. तुम्हाला तारखांना हजर राहणं जमणार नसेल तर कुलमुखत्यारपत्र करा, त्यात ‘अर्ज दाखल करणे, जबाब देणे, ताबा घेणे’ असं स्पष्ट लिहा. नुसतं ‘घराची देखभाल’ चालत नाही.

खाडीकाठ:
आणि दर महिन्याला येणारं भाडं? परत करू का?

बावनदी:
परत करायची गरज नाही, पण गप्प राहून घेत राहू नका. 31 मार्चनंतर आलेली प्रत्येक रक्कम ‘हक्क अबाधित ठेवून, नुकसानभरपाईच्या खात्यावर’ स्वीकारतो, असं एकदा रजिस्टर एडीने कळवा. भाड्याची पावती द्यायची नाही. मुदत संपल्यावर राहणाऱ्याकडून कलम 24 प्रमाणे ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळते. अर्जात ती मागणी स्वतंत्र लिहा. भाडं 8,000 असेल तर महिन्याला 16,000 होतात, आणि हा आकडा नोटिशीत दिसला की बोलणी पटकन सुरू होतात.

कातळ_सडा:
वर जे लिहिलंय ते रत्नागिरीपुरतं बरोबर. पण धागा वाचणाऱ्या बाकीच्यांनी आधी हद्द बघा. भाडे नियंत्रण कायदा त्याच्या परिशिष्टात दिलेल्या क्षेत्रांनाच लागू आहे. गाव त्यात नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 106 ची 15 दिवसांची नोटीस आणि तालुक्याच्या दिवाणी कोर्टात दावा. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर तुमचं नाव आहे ना, तेही तपासा.

आणखी एक, खास आपल्या भागातली अडचण. घराबरोबर आंब्याची किंवा माडाची बागही ‘सांभाळायला’ दिली असेल तर समोरचा कुळाचा मुद्दा काढतो. मग दिवाणी कोर्टाला तो मुद्दा तहसीलदाराकडे पाठवावा लागतो, नि ताबा तिथेच लोंबकळतो. करारात घर, पडवी, विहिरीचा वापर एवढंच लिहा. बागेचं उत्पन्न कोण काढतं त्याचे पुरावे (फवारणीची बिलं, आंब्याच्या पेट्यांच्या विक्रीच्या पट्ट्या) आपल्याकडे ठेवा.

कोळथरे_दापोली:
तडजोड झाली तर तोंडी नको. प्राधिकाऱ्यासमोर संमतीच्या अटी दाखल करा: निघायची तारीख, नाही निघाल्यास दुप्पट शुल्क, आणि अनामत चाव्या हातात आल्यावरच. ताबा पावतीवर वीज मीटरचं रीडिंग, पंप चालू आहे का, किती पंखे, किती चाव्या, फुटलेली कौलं, हे सगळं त्याच दिवशी लिहून दोघांच्या सह्या. महावितरणचं शेवटचं बिल भरल्याची पावती बघितल्याशिवाय अनामतीचा शेवटचा हप्ता देऊ नका.