बारा गुणवीर उचलले की संघ झाला?

रिबाऊंडवाली
"राष्ट्रीय बास्केटबॉल संघ निवडायला समिती हवीच कशाला? हंगामात सगळ्यात जास्त गुण करणारे बारा जण उचला आणि पाठवा. भूमिका, ताळमेळ या सगळ्या वशिल्याच्या सबबी." काल एकानं हे लिहिलं आणि लोकांनी धडाधड माना डोलावल्या. माझं डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते.

साधा हिशोब करा. आंतरराष्ट्रीय सामना ४० मिनिटांचा. मैदानावर पाच जण, म्हणजे सगळ्या संघात वाटायला २०० मिनिटं. तुमचे बारा गुणवीर आपापल्या क्लबकडून ३०-३० मिनिटं खेळत असतील तर त्यांना ३६० लागतील. उरलेली १६० आणणार कुठून? आणि चेंडू तर एकच. चार ड्रिबल मारल्याशिवाय ज्याला लय सापडत नाही, त्याला कोपऱ्यात उभं केलं की त्याचा डिफेंडर त्याला खुशाल सोडून आत मदतीला जातो. म्हणजे तुम्ही चौघांनीच खेळताय.

अथेन्स ऑलिंपिक, २००४. अमेरिकेकडे डंकन, आयव्हरसन, शिवाय कोवळे लेब्रॉन, वेड आणि कार्मेलो. पहिल्याच सामन्यात पोर्तो रिकोनं ९२-७३ असं लोळवलं. थ्री पॉइंटर, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून टाकायचे तीन गुणांचे शॉट, २४ टाकले, पडले ३. समोरच्यांनी आत गर्दी केली आणि बाहेरून भरवशानं टाकणारं कोणी संघात नव्हतंच. उपांत्य फेरीत अर्जेंटिनाकडून ८१-८९. हा गुणतक्त्याचा दोष नाही तर कशाचा?

उडी_मारा
अर्धंच सांगू नका. त्या वर्षी शकील, कोबी, गार्नेट, किड यांच्यासारखे कितीतरी जण गेलेच नव्हते. उत्तम माणसं मिळाली नाहीत म्हणून हरले, उत्तम माणसं घेतली म्हणून नाही.

आता पॅरिस ऑलिंपिक, २०२४ घ्या. उपांत्य सामन्यात सर्बियानं अमेरिकेवर १७ गुणांची आघाडी घेतली होती. कोणी वाचवलं? स्टीफन करीनं. ३६ गुण, ९ थ्री पॉइंटर, सामना ९५-९१. तिथं तुमचे 'भूमिकावाले' काय करत होते?

रिबाऊंडवाली
त्याच सामन्यात टेटम एक मिनिटही खेळला नाही, हे का गाळलंत? त्याच मोसमात एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या, सर्वोत्तम पाचांत निवडला गेलेला माणूस ४० मिनिटं बाकावर! आणि संघातून बाहेर पडलेल्या लेनर्डच्या जागी कोणाला बोलावलं? बचावासाठी ओळखल्या जाणाऱ्या डेरिक व्हाइटला. नुकताच अंतिम मालिकेचा मानकरी ठरलेला जेलेन ब्राऊन घरी राहिला. ज्यांच्याकडे तारे पोत्यानं आहेत तेही जागा बघूनच माणूस घेतात.

उडी_मारा
आणि अमेरिकेच्याच महिला संघाच्या निवड समितीनं भरपूर गुण करणाऱ्या केटलिन क्लार्कला घेतलं नाही. अंतिम सामना ६७-६६! फ्रान्सच्या शेवटच्या शॉटला गॅबी विल्यम्सचा पाय तीन गुणांच्या रेषेवर पडला म्हणून दोनच गुण मिळाले. बोटभर मागे असती तर जादा वेळ. हा निवडीचा शहाणपणा नाही, नशीब आहे.

झोन_फोडा
तुमचं चालू द्या, पण मूळ दुखणं वेगळंच आहे. 'भूमिका रिकामी आहे' म्हणत हल्ली थेट बाहेरच्या माणसाला पासपोर्ट देतात. अमेरिकेच्या लोरेन्झो ब्राऊनला स्पेननं २०२२ च्या जुलैत नागरिकत्व दिलं आणि सप्टेंबरात तो युरोबास्केट, म्हणजे युरोपचं अजिंक्यपद, जिंकून मोकळा. पंधरा वर्षं घाम गाळलेल्या तिथल्या पॉइंट गार्डनं, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणाऱ्यानं, काय करायचं? टाळ्या वाजवायच्या?

बॅकडोअर_कट
नियम सगळ्यांना सारखाच आहे. वयाच्या १६ नंतर पासपोर्ट मिळालेला एकच जण बारांत चालतो. स्लोव्हेनियाची लोकसंख्या जेमतेम २० लाख. २०१७ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या उंचपुऱ्या रँडॉल्फला घेतलं आणि सर्बियाला ९३-८५ हरवून युरोप जिंकला. अंतिम सामन्यात ३५ गुण मात्र ड्रॅगिचनं केले, घरच्याच पोरानं. लहान देशाला उंच माणूस मिळत नसेल तर त्यानं खेळूच नये का?

झोन_फोडा
मिळत नसेल तर घडवा! दहा वर्षं लागतील, लागू देत. आमच्या शिबिरात एक सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच गडी, होता. रोज सगळे गेल्यावर एकटा हूक शॉट टाकत बसायचा, डाव्या हातानं, कारण उजव्याचा जमला होता. त्याची जागा आयत्या आलेल्या पाहुण्यानं घेतली. निरोप द्यायला कोणी आलं नाही, दारावर यादी चिकटवली. तो यादीपुढे उभा राहून खालून वर नावं वाचत होता. तुम्ही तो चेहरा पाहिलेला नाही, म्हणून नियम सांगताय.

बॅकडोअर_कट
चेहरे मीही पाहिलेत. माझा भाऊ असाच 'पाहुणा' आहे. त्या देशात सतराव्या वर्षी गेला, तिथली भाषा शिकला, तिथंच संसार थाटला. तरी यादीत त्याच्या नावापुढे खूण असते. दोन महिन्यांत पासपोर्ट मिळालेला आणि पंधरा वर्षं राहिलेला, दोघांना एकाच खात्यात टाकता? जरा तोंड सांभाळून बोला.

झोन_फोडा
तुमच्या भावाबद्दल बोललो नाही. त्याच्यासारख्यांना वेगळं मोजावं, एवढं मान्य. ब्राऊनचं मान्य नाही, मरेपर्यंत नाही.

रिबाऊंडवाली
पासपोर्टसाठी वेगळा धागा काढा, दोघांनाही विनंती.

उडी_मारा, मी गुणांवर एवढी का चिडते ते सांगते. माझी निवड चाचणी दहा मिनिटांची होती. मी स्क्रीन लावले, म्हणजे डिफेंडरच्या वाटेत उभी राहून सोबतणीला मोकळं केलं; माझ्यापेक्षा हातभर उंच मुलीला प्रत्येक वेळी बॉक्स आऊट केलं, म्हणजे अंगानं रिंगपासून मागे अडवलं; तिला एक रिबाऊंड, रिंगवरून परतलेला चेंडू, मिळू दिला नाही. निवड करणारे गृहस्थ चेंडू रिंगमधून गेला तरच मान वर करायचे आणि कागदावर रेघ ओढायचे. माझ्या नावापुढे एकही रेघ नव्हती. परत बोलावलं नाही.

उडी_मारा
आता माझं ऐका. निवड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मी ३१ गुण केले. यादीत नाव नाही. विचारलं तर म्हणाले, "तुझा स्वभाव संघाला मानवणारा नाही." माझ्या जागी गेलेला मुलगा निवड करणाऱ्यांपैकी एकाच्याच हाताखाली शिकत होता. तुम्ही म्हणता ती 'भूमिका' मला त्या दिवशी कळली. ताई, स्क्रीन, बॉक्स आऊट, ताळमेळ, हे सगळं कोणी कसंही सांगू शकतं. ३१ हा आकडा कोणाला खोडता येत नाही. ज्याच्यामागे कोणी उभं नाही, त्याच्याकडे तेवढंच असतं.

रिबाऊंडवाली
हे तुम्ही आधी लिहायला हवं होतं. तुमच्यावर अन्याय झाला, यात मला शंका नाही. पण त्यावर उपाय बारा गुणवीर नाही. बॉक्स आऊटही मोजता येतो, लावलेला स्क्रीनही. मोजा आणि प्रत्येक नावापुढे, घेतलेल्या आणि वगळलेल्याही, कारण लिहून जाहीर करा.

उडी_मारा
कारण लेखी आणि जाहीर असेल तर दहा जण तुमच्या पद्धतीनं निवडा. दोन जागा मात्र गुणतक्त्यावर. त्यावर मी हटणार नाही.

रिबाऊंडवाली
एक.

उडी_मारा
दोन.