१३ वर्षांच्या वॉटर पोलो खेळणाऱ्या मुलीने वजनं उचलावीत का?

दादरची आई
मुलगी १३ वर्षांची, दीड वर्ष झालं वॉटर पोलो खेळतेय, त्याआधी नुसतं पोहणं. आता सर म्हणतायत आठवड्यातून दोन दिवस पाण्याबाहेर स्ट्रेंथ ट्रेनिंग सुरू करा. घरी सासूबाई आणि नवरा दोघांचा विरोध, उंची खुंटेल म्हणतात. मला विचाराल तर करावं. मॅचला मी काठावर बसते, समोरची मुलगी हिच्या पाठीवर रेलून असते, हात दाबून धरते, आणि तळाला पाय टेकायची तर सोयच नाही. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत ही हनुवटीएवढी पाण्यात गेलेली असते, बॉल मारायला खांदा वरच येत नाही. पोहण्यात कमी नाही हो ती, ताकद कमी पडते. तुमचं मत सांगा.

जुना गोलकीपर
ताई, माझा विरोध आहे. उंचीचं मी मानत नाही, माझं कारण वेगळं. पोलोवाल्यांना तलाव मिळतो किती? शिकाऊ बॅच, मेंबर, स्विमिंगची टीम सगळ्यांचं झालं की उरलेला तास आपला. पोरं थकून आली तर तोही तास वाया. एगबीटर, म्हणजे पाण्यात उभं तरंगायला दोन्ही पाय आळीपाळीने गोल फिरवणं, पाण्यातच पक्का होतो, आमचे सर पाच लिटरचा भरलेला कॅन डोक्यावर धरायला लावायचे आणि कोपरं पाण्याबाहेर पाहिजेत, मांड्या पेटायच्या अक्षरशः. १९५१ ला दिल्लीच्या एशियाडमध्ये भारताने गोल्ड मारलं ते काय जिममध्ये जाऊन?

खांदेवाली फिजिओ
दादा, तुमचा कॅन म्हणजे रेझिस्टन्स ट्रेनिंगच की! वजन पाण्यात धरलं तर चालतं आणि जमिनीवर धरलं तर नाही, हे मला पटत नाही. आणि १९५१ नंतर १९७० ला सिल्व्हर, १९८२ ला ब्राँझ, पुढे पुरुषांच्या टीमला एशियाडचं मेडल नाही. बाकीचे देश जमिनीवरही मेहनत घेतात.

माझ्याकडे येणाऱ्या पोलोच्या मुलांचं दुखणं बहुतेक खांद्याचं असतं. फ्रीस्टाइलमध्ये हात आत खेचायचा, बॉल मारतानाही तोच हात जोरात आत फिरतो, त्यामुळे छातीकडचे स्नायू दणकट आणि खांदा बाहेर फिरवणारे, पात्याला धरून ठेवणारे मागचे छोटे स्नायू कच्चे. ते नुसतं पोहून भरून निघत नाहीत, उलट जितकं पोहाल तितका फरक वाढतो. त्याला रबर बँड लागतो, रोइंग, म्हणजे बँड किंवा वजन अंगाकडे ओढायचा व्यायाम, लागतं. आणखी एक, पाण्यात शरीराचा भार हाडांवर पडतच नाही, म्हणून या मुलांना जमिनीवरचा व्यायाम जास्तच हवा. डब्ल्यूएचओनेही २०२० मध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारे व्यायाम सांगितलेत.

आणि उंचीचं, ताई, सासूबाईंना मल्लखांब दाखवा. सात-आठ वर्षांची पोरं तिथे अख्खं अंग हातावर तोलतात, त्याला आपण कधी नाही म्हणत नाही. नीट शिकवलेल्या व्यायामाने वाढ थांबते याला पुरावा नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२० च्या अहवालात देखरेखीखाली असेल तर सुरक्षित म्हटलंय.

ठाणेकर बाबा
देखरेखीखाली!! तिथेच सगळं अडतं मॅडम. माझा मुलगा १४ चा, पोलोच खेळतो, जवळच्या एका जिममध्ये घातला, ट्रेनरने दुसऱ्याच आठवड्यात डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा बार वाकून उचलणं, लावली आणि मोठ्या पोरांच्या बरोबरीने प्लेटा चढवल्या. घरी आला तो वाकूनच, मोज्यासुद्धा मी काढल्या. दोन महिने पाण्याबाहेर, सिलेक्शन गेलं. एक ट्रेनर आणि हॉलमध्ये तीस-चाळीस माणसं, तो माझ्या पोराची पाठ कधी बघणार? अहवाल कागदावर बरोबर असतील, पण आमच्या गल्लीत तसा माणूस नाही. १६ पर्यंत जोर, बैठका, सूर्यनमस्कार पुरे.

खांदेवाली फिजिओ
वाईट झालं हो, आणि चूक शंभर टक्के त्या ट्रेनरची. १४ म्हणजे तर मुलांची उंची झपाट्याने वाढायचं वय, हातपाय लांब होतात, जुना अंदाज चुकतो, तेव्हा वजन वाढवायचं नसतं, हालचाल परत बसवायची असते. पण १६ ची रेषा मला मान्य नाही. जोर काढताना पोर स्वतःच्या अर्ध्याहून जास्त वजन ढकलतं, कच्च्या खांद्याच्या मुलीला तेच जड जातं. दोन किलोचा डंबेल त्यापेक्षा हलका आहे. वय नका बघू, हालचाल बघा.

ताई, घरच्या घरी एक करा. झाडूचा दांडा दोन्ही हातांनी डोक्यावर सरळ धरून तिला पूर्ण बैठक मारायला सांगा आणि बाजूने बघा.

जुना गोलकीपर
बँडचं मान्य, माझाही उजवा खांदा आज फळीवरचा डबा काढताना चावतो, तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण तलावाचा दिवस कापून जिम नको, यावर मी ठाम आहे. पायांना पाण्याशिवाय पर्याय नाही.

दादरची आई
आत्ताच केलं. दांडा पुढे डोळ्यांसमोर आला, टाचा उचलल्या गेल्या आणि उजवा गुडघा आत वळला. तीनदा केलं, तीनदा तेच. सासूबाई बाजूलाच होत्या, त्याच म्हणाल्या की हिला बैठकही नीट येत नाही गं.

दादा, तलावाचा एकही दिवस कापत नाही. मंगळवारी तलाव बंद असतो आणि रविवारी दुपार मोकळी, तेवढंच. सरांना आज विचारते की व्यायाम चालू असताना स्वतः उभे राहणार का, नसतील तर जिमचे पैसे भरत नाही, बँड आणि दांडा घरीच. ठाणेकर बाबा, मुलगा आता पाण्यात उतरला का परत?

ठाणेकर बाबा
उतरलाय, पण अजून बॉल हातात घेत नाही, नुसता एगबीटर. मॅडम, दांड्याचं त्याच्याकडून करून घेतलं तर चालेल का, की पाठीला अजून थांबू?

खांदेवाली फिजिओ
आत्ता नको. आधी मला सांगा, सकाळी उठल्यावर वाकून तोंड धुताना दुखतं का?