भरलेली कयाक उचलायची कशी? (टोमालेस बे, शनिवार)

नमस्कार मंडळी,
शनिवारी टोमालेसला (सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेची खाडी) आम्ही चौघं येतोय, पलीकडच्या किनाऱ्यावर मुक्कामाला, भाड्याच्या दोन डबल कयाक (दोघांनी वल्हवायच्या अरुंद होड्या) घेऊन. ह्यांचं म्हणणं, तंबू, पाणी, स्वयंपाकाचं सगळं पार्किंगमध्येच भरायचं आणि चौघांनी उचलून न्यायचं, फेऱ्या वाचतात. मला धाकधूक वाटतेय. कोणी केलंय का असं?
– सनीव्हेलकर

ताई, मी केलंय, म्हणून सांगतो, करू नका.
डबल कयाक रिकामीच चाळीसेक किलोची. पलीकडच्या किनाऱ्यांवर प्यायचं पाणी नाही. माणशी रोज ४ लिटर धरलं तर चौघांचं दोन दिवसांचं नुसतं पाणीच ३२ किलो झालं. मी आणि मेहुण्याने भरलेली बोट दोन्ही टोकांच्या मुठी धरून उचलली. दहा पावलांवर मागची दोरी तुटली. मूठ मेहुण्याच्या हातात, बोट माझ्या पायावर. अंगठ्याचं नख दिवाळीपर्यंत काळंनिळं होतं.
बोट रिकामीच पाण्याकाठी न्या. सामान आयकिया दुकानाच्या मोठ्या निळ्या पिशव्यांतून न्यायचं आणि तिथेच भरायचं. पाणी सीटच्या जवळ, तळाशी, दोन्ही बाजूंना सारखं. स्लीपिंग बॅगा टोकांना. भरल्यावर थोडं सरकवायचं झालंच, तर पोटाखालून दोन रुंद पट्टे घाला आणि चौघांनी धरा. गुडघे वाकवून उचला, आणि एकानेच "एक, दोन, तीन" म्हणा. आमच्याकडे दोघंही मोजत होते.
– फ्रीमाँटकर काका

काकांच्या पट्ट्यांना अनुमोदन. माझी भर भरती-ओहोटीची. खाडी उथळ आहे. ओहोटी लागलेली असताना निवांत भरत बसलात, तर बोट चिखलात रुतते. भरतीत उलटं, तुम्ही डबे शोधताय आणि बोट निघाली एकटीच! पुढची दोरी कोणाच्या तरी हातात हवीच.
आणि अर्धी वाळूवर, अर्धी पाण्यात अशा बोटीत बसू नका. मधे आधार नसतो, पोटाला तडा जाऊ शकतो, शिवाय ती डगमगते. पूर्ण तरंगू द्या, मग बसा. लाटा असतील तर बोट आणि किनारा यांच्यामध्ये कोणीच उभं राहायचं नाही, मुलं तर नाहीच. भरलेली बोट लाटेबरोबर येते ती थेट गुडघ्यावर. लाइफ जॅकेट भरायला लागायच्या आधीच घाला. दुपारी वारा सुटतो, तेव्हा सकाळीच निघू.
– ओकलंडकर

ह्यांना दोन्ही मेल मोठ्याने वाचून दाखवले. काही बोलले नाहीत, पण गराजमधून निळ्या पिशव्या निघाल्या आहेत. पट्टे कोणाकडे जास्तीचे असतील तर आणा. तिखटमिठाच्या पुऱ्या चाळीस करतेय. रात्री रकून (खाणं पळवणारे छोटे प्राणी) येतात म्हणे, मग डबा घट्ट झाकणाचाच आणते.
– सनीव्हेलकर