काल्पनिक जगातील वायुनौकांची वार्षिक शर्यत: वारा सगळ्यांना एकच, मग चुरस कशी आणावी?

पऱ्हाटी (प्रश्न):
नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो आणि कादंबरीसाठी एक काल्पनिक जग रचतो आहे. तेथे दरवर्षी कापसाची वेचणी आटोपली की वायुनौकांची शर्यत भरते. आपल्या शंकरपटाला असते तशीच गर्दी, तशाच पैजा. मात्र शंकरपटात जोडी जिंकते ती बैलांच्या पायांवर आणि हाकणाऱ्याच्या हातावर. माझ्या नौकांची यंत्रे दुबळी आहेत. एकाच वाऱ्यात त्या सगळ्या बरोबरीने वाहत जाणार असतील, तर मागची नौका पुढे निघेल कशी? जादूचा आधार मला घ्यायचा नाही.

धुरा:
वारा एकच असतो, हे गृहीतकच तपासावे. पौषातल्या पहाटे गावाबाहेर उभे राहून पाहा: चुलीचा धूर कडुनिंबाच्या शेंड्यापर्यंत सरळ चढतो आणि तेथून एकाएकी आडवा होऊन भलत्याच दिशेला पसरतो. दर थराचा वारा निराळा, त्यामुळे योग्य थर हेरणे हेच सारथ्य. पण वर जायचे तर वाळू टाकावी लागते आणि खाली यायचे तर वायू सोडावा लागतो. दोन्ही गोष्टी वाटेत परत मिळत नाहीत. १९०६ साली पॅरिसहून सुरू झालेली गॉर्डन बेनेट फुग्यांची स्पर्धा याच हिशेबावर चालते. तिच्यात वेग नव्हे, अंतर मोजतात, आणि पहिल्या वर्षीचा विजेता फुगा इंग्लंडमधील यॉर्कशायरपर्यंत पोहोचला होता.

काळी माती:
वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु तिथी जपून ठरवा. तुमच्या जगातही फरदड (वेचणीनंतर कपाशीची तीच झाडे राखून पुन्हा पीक घेणे) ठेवण्याची पद्धत असेल, तर वेचणी उन्हाळ्यात शिरेल. समुद्रसपाटीच्या दाबाला आणि १५ अंश तापमानाला एक घनमीटर हायड्रोजन सुमारे १.१४ किलो वजन उचलतो. ४५ अंशांना हाच आकडा सुमारे १.०३ वर येतो. म्हणजे हजार घनमीटरची नौका शंभर किलोंहून अधिक भार गमावते, आणि तिला निघण्यापूर्वीच एक माणूस खाली उतरवावा लागतो. दुपारच्या वावटळींबद्दल तर बोलायलाच नको.

पाणंद:
मी एक सुचवतो: शर्यत जाऊन-येऊन ठेवा. ब्राझीलचे वायुनौकाचालक सांतोस-द्युमाँ यांनी १९०१ मध्ये पॅरिसजवळच्या सेंट-क्लाउडहून निघून आयफेल मनोऱ्याला वळसा घालून परत येण्याचे बक्षीस मिळवले, तेव्हा खरी कसोटी परतीचीच होती. गणित करून पाहा. ताशी ४० किलोमीटर वेगाच्या नौकेला ४० किलोमीटर जाऊन परत यायला शांत हवेत दोन तास लागतात, पण ताशी २० किलोमीटरचा वारा असेल तर जाताना ४० मिनिटे आणि येताना तब्बल दोन तास. जाताना मिळालेला फायदा परतीचे नुकसान भरून काढत नाही. त्यामुळे जो सारथी परतीसाठी वाऱ्याचा दुसरा थर शोधेल, तो मागून येऊनही पुढे जाईल.

पऱ्हाटी:
सर्वांचे आभार. शर्यत आता पौषातल्या पहाटे, जाऊन-येऊन अशीच ठेवतो. ओझे म्हणून फक्त वाळू चालेल, दगड नाही, असा नियमही करावा लागेल. कारण खालच्या वावरात तेव्हा तूर उभी असते आणि ती वावरे प्रतिस्पर्धी गावाची आहेत.