अनुभव धागा: मराठवाड्यात सायकलवर, एकट्यानं, सामानासकट

दिवाळी झाली की बरेच जण एकटे निघतात. घाटमाथ्याकडच्या रस्त्यांसाठी केलेल्या सामानाच्या याद्या इकडं पुरत नाहीत. आपल्याकडं काटे वेगळे, माती वेगळी आणि दुपारही वेगळी. दिवसाला ७० ते ९० किलोमीटर धरून लिहा: काय न्यायचं, काय बिघडतं, वाटेत कसं निस्तरायचं. प्रवासवर्णन नको.

परभणी
काट्यांपासून सुरू करतो, कारण दिवस तेच खातात. सराटा रस्त्याच्या कडेला जमिनीलगत पसरतो. ट्रकला वाट द्यायला डांबर सोडून खाली उतरलात की तो लागतोच. लगेच थांबून दोन्ही टायर फिरवून बघा. टोक तुटून रबरात राहिलं तर हवा लगेच जात नाही, मुक्कामाला पोचल्यावर चाक बसलेलं दिसतं. वेड्या बाभळीचा काटा लांब असतो, तो थेट आरपार जातो.

टायरवर कंपनीचं नाव असतं, ते कायम वाल्वसमोर येईल असं टायर बसवा. मग ट्यूबचं भोक वाल्वपासून किती अंतरावर आहे त्यावरून टायरमधला काटा सापडतो. तो चिमट्यानं काढा. नंतर बोटाला कापूस गुंडाळून टायरच्या आतून पूर्ण फेरी मारा, राहिलेलं टोक कापसाला अडकतं. ही फेरी टाळली की त्याच जागी पुन्हा पंक्चर.

पॅचपेक्षा थोडी मोठी जागा पॉलिश पेपरनं घासा, ट्यूबवरची उभी रेघ सपाट होईपर्यंत. सोल्युशनचा पातळ थर द्या आणि पाच मिनिटं हात लावू नका. चमक गेली, बोट चिकटेनासं झालं, की पॅच दाबा. ओल्यावर लावलेला पॅच हवा भरल्यावर कडेनं सुटतो. आणि एकदा फोडलेली सोल्युशनची ट्यूब उन्हात वाळून जाते, तेव्हा न फोडलेली एक वेगळी ठेवाच.

लातूर
परभणीकरांशी सहमत, पण रस्त्यात पॅच लावत बसू नये. ट्यूब बदला आणि पॅच मुक्कामी लावा. दोन नव्या ट्यूब हव्यात. तालुक्याच्या गावी सायकलचं दुकान असतं, माल मात्र काळ्या २८ इंची सायकलचा आणि पोरांच्या सायकलींचा. ७०० सीची (गिअरच्या बऱ्याच सायकलींच्या चाकाचं माप) ट्यूब मिळेल या भरवशावर निघू नका. प्रेस्टा वाल्व (बारीक, लांबट) असेल तर पितळी अ‍ॅडाप्टर वाल्ववरच चढवून ठेवा, नाहीतर समोर पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर असून उपयोग नाही.

३२ ते ३५ मिमीचे टायर घ्या. सामान मागं असेल तर हवा मागं ६५ पीएसआय, पुढं ५५ च्या आसपास. स्पोक तुटतो तो बहुधा मागच्या चाकात, गिअरच्या बाजूचा. त्याची लांबी दुसऱ्या बाजूपेक्षा वेगळी असते, म्हणून त्याच मापाचे दोन स्पोक फ्रेमला टेपनं बांधा. बदलताना कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरची गिअरच्या चकत्यांची जुडी, काढावी लागते. ते हत्यार नसेल तर तुटलेला स्पोक शेजारच्याला गुंडाळा, चाक घासत असेल तर रिम ब्रेक सैल करा, मागचं सामान हलकं करा आणि सावकाश शहर गाठा.

हिंगोली
नकाशा पांदणीतून जवळची वाट दाखवतो. पाऊस पडून गेला असेल तर त्या वाटेला जाऊ नका, मग हमरस्त्यानं १० किलोमीटर जास्त पडले तरी चालतील. काळी माती टायरला थर धरते, मडगार्डखाली ठासून बसते आणि चाक फिरायचं थांबतं. अशा वेळी पेडलवर जोर दिला की डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) स्पोकमध्ये ओढला जातो आणि तो फ्रेमला धरणारा हँगर मोडतो. उतरा, काडीनं माती काढा, सायकल उचलून गवतावरून न्या. माती ओली आहे तोवर निघते, वाळली की दगड होते. आपल्या फ्रेमचा हँगर सुटा विकत घेऊन सोबत ठेवा. तो इकडं कुठल्याही गावात मिळायचा नाही.

ऑक्टोबरात रस्त्यावरच सोयाबीनचं खळं असतं. काड्या डिरेलरच्या चाकांत गुंततात. खाली उतरून कडेनं ढकलत न्या, शेतकऱ्याचा मालही तुडवला जात नाही.

बीड
उसाचा हंगाम सुरू झाला की दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. डावीकडून कधीही पुढं काढू नका: वळणावर मागची ट्रॉली आत येते आणि ऊस दोन्ही बाजूंना बाहेर असतो. कित्येकांना मागं दिवा नसतो, त्यामुळं अंधार पडायच्या आत मुक्काम गाठलेला बरा. बीडहून धाराशिवकडं निघालात तर मांजरसुंब्याचा घाट लागतो, तो सकाळीच चढून घ्या.

नांदेड (ताई)
पाणी तीन लिटर. हिवाळ्यातही तासाला अर्धा लिटर जातं, मार्चनंतर पाऊण. ओआरएसचं पाकीट एक लिटरचं असेल तर लिटरभर पाण्यातच घाला, बाटलीत अर्धं अर्धं नको. पाकीट नसेल तर एक लिटरला साखर चहाचे सहा सपाट चमचे, मीठ चहाचा अर्धा चमचा. न्याहारीला सुशीला (फोडणीचे चुरमुरे) किंवा पोहे, दुपारी भाकरी-पिठलं. भजी मात्र पुढच्या चढावर वर येतात. अर्धापूरकडं केळी भरपूर, पण पिशवीत तळाला ठेवू नका. पाणी भरायला, चेहरा धुवायला आणि बायकांना स्वच्छतागृहासाठी पेट्रोल पंप सगळ्यात सोयीचे.

मुक्कामाला तुळजापूर, परळी, औंढा, माहूर इथं भक्तनिवास आहेत. काही ठिकाणी एकट्या माणसाला खोली देत नाहीत. आदल्या दिवशी फोन करून हे विचाराच, सायकल आत ठेवता येईल का तेही विचारा. मूळ आधार कार्ड जवळ हवं. तुळजापूरला मंगळवारी, पौर्णिमेला आणि नवरात्रात खोलीची आशा धरू नका.

धाराशिव
वाऱ्याचं कुणी लिहिलं नाही. पावसाळ्यात तो पश्चिमेकडून जोरात असतो, त्यामुळं तुळजापूर–औसा–लातूर–अहमदपूर–लोहा–नांदेड असा पूर्वेकडं मार्ग आखा. उलट दिशेला दिवसाचा पल्ला निम्म्यावर येऊ शकतो. एप्रिल-मे शक्यतो नकोच. जायचंच असेल तर पाचला निघून अकराला सावलीत.

जालना
कुत्रं मागं लागलं तर सायकल पळवू नका. उतरा, सायकल मधे धरा आणि चालत पुढं व्हा.

परतीला सायकल रेल्वेच्या लगेज डब्यातून न्यायची तर गाडी जिथून सुटते त्या स्टेशनावर बुक करा, वाटेतल्या स्टेशनावर दोन मिनिटांत चढवणं होत नाही. दिवे, बाटल्या, पिशव्या काढून घ्या. पेडल आत वळवून बसवा, डिरेलरवर पुठ्ठा बांधा. नाव आणि फोन लिहिलेली चिठ्ठी फ्रेमला दोन ठिकाणी टेपनं लावा.